दर सांगताना जीभ का अडखळते?



मागच्या मे महिन्यात श्रीवर्धन तालुक्यातल्या एका बौद्धवाडीत आम्ही तरुणांबरोबर बसलो होतो. विषय स्पर्धा परीक्षांचा ठरला होता, पण बोलणे फिरून फिरून मोबाईलवर येत होते. त्यातला एक मुलगा बारावीनंतर फोटो एडिटिंग, बॅनर डिझाईन, रील बनवणे असे स्वतःच्या हिमतीवर शिकला आहे. हरिहरेश्वर, दिवेआगर, श्रीवर्धन या पट्ट्यात होमस्टे वाढले आहेत. त्यांना फोटो लागतात, मेनूकार्ड लागते, इन्स्टाग्रामचे पान सांभाळणारा लागतो. त्याने चाळीसेक मालकांना व्हॉट्सॲप केले होते. उत्तर दोघांचे आले, तेही 'बघू' एवढेच. आम्ही म्हटले, काय लिहिलेस ते दाखव.

"नमस्कार सर, मी नवीन आहे. कृपया एक संधी द्यावी. कसलेही काम चालेल. पैसे तुम्ही द्याल ते."

आम्ही तो मेसेज दोनदा वाचला. मुलगा हुशार आहे, त्याचे काम आम्ही पाहिले आहे. मग ही भाषा आली कुठून? 'तुम्ही द्याल ते' हे तीन शब्द त्याचे नाहीत. ते त्याच्या पणजोबाचे आहेत. घाटावर महारकीचे वतन होते, कोकणात खोताची वेठ होती. दोन्हीकडे काम सांगणारा एक आणि मोबदला ठरवणाराही तोच. काम करणाऱ्याने दारात उभे राहायचे, पदरात पडेल ते घ्यायचे. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे बिल मांडले आणि १९३७ साली खोती नष्ट करण्याचे बिल मांडले, ते याच नात्यावर घाव घालायला. कायद्याने वतन गेले, खोतीही गेली. जिभेवरचे वतन मात्र अजून गेलेले नाही.

काही जण म्हणतील, कुठलाही नवखा माणूस असेच लिहितो, यात जात कशाला आणता? नवखेपणा सगळ्यांनाच असतो, हे मान्य. पण ज्याचा मामा सीए आहे आणि काकाचे हॉटेल आहे, त्याचे पहिले गिऱ्हाईक घरातच असते. त्याला दर सांगायला जेवणाच्या ताटावर शिकवले जाते. आमच्या मुलाला पहिला दर अनोळखी माणसाला सांगायचा असतो, आणि तो माणूस बहुतेक वेळा आधी विचारतो, "कुठल्या वाडीतला?"

हा प्रश्न नवा नाही. १९१७ साली बडोद्याची नोकरी सोडून बाबासाहेब मुंबईला परतले. कोलंबियाचे उच्च शिक्षण, लंडनमध्ये अर्थशास्त्राचा अभ्यास, आणि हातात काम नाही. त्यांनी शिकवण्या केल्या आणि शेअर बाजारात पैसे गुंतवणाऱ्यांना सल्ला देणारी एक छोटी पेढी काढली. आजच्या भाषेत फ्रीलान्स सल्लागारच म्हणा. सल्ला चांगला होता, लोक येऊ लागले. मग सल्लागार अस्पृश्य आहे हे कळले आणि लोक यायचे थांबले. पेढी बंद पडली. 'मार्केटला जात नसते' असे जे आमच्या पोरांना व्यासपीठावरून सांगतात, त्यांनी या पेढीचे काय झाले तेही सांगावे. आणि ती शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून सोडून द्यायची असेल, तर सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावाचा. दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या मानाने सुमारे दोन तृतीयांश निघाली. मुस्लिम नावाची त्याहून कमी.

म्हणून हातावर हात धरून बसायचे का? बाबासाहेब बसले नाहीत. १९२३ साली त्यांनी वकिली सुरू केली. सनदेच्या पैशासाठी मित्र नवल भथेना धावून आले. हायकोर्टातली कामे सॉलिसिटरकडून यायची आणि सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरला काम देईनात. तेव्हा ते मुंबईबाहेरच्या आणि खालच्या कोर्टांतल्या खटल्यांकडे वळले. जोडीला बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवत. १९२६ साली 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून ब्राह्मणेतर चळवळीतल्या जेधे-जवळकरांवर खटला झाला, त्यात त्यांचा वकील म्हणून बाबासाहेब उभे राहिले आणि जिंकले. जे दार उघडत नव्हते तिथे ते ताटकळत राहिले नाहीत. ज्यांना त्यांच्या कामाची गरज होती ती माणसे त्यांनी शोधली. आमच्या मते नवख्या फ्रीलान्सरने बाबासाहेबांच्या चरित्रातले हे पान आधी वाचावे. जयंतीच्या भाषणांत ते फारसे येत नाही.

मग त्या संध्याकाळी आम्ही त्या मुलाबरोबर मेसेज पुन्हा लिहायला बसलो. आधी चाळीस नावांतली तीस खोडली. ज्यांची पाने आधीच चकाचक आहेत, त्यांना याची गरज नाही. उरली ती माणसे वेगळी होती. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर धडकले, नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचे नवे झाड हाताशी यायला वर्षे लागतात, म्हणून काहींनी घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली. त्यांत कुणबी आहेत, कोळी आहेत, मुस्लिम कुटुंबे आहेत. त्यांच्याकडे फोटो म्हणजे पुतण्याने रात्री ट्यूबलाइटखाली काढलेला. एका घराचे असे फोटो समोर ठेवून मुलाने लिहिले:

"नमस्कार काका. तुमच्या घराचे फोटो गूगलवर पाहिले. खोल्या रात्री काढल्यामुळे काळोख्या दिसतात आणि मागची सुपारीची वाडी एकाही फोटोत नाही. मी सकाळच्या उजेडात बारा फोटो काढून, एडिट करून दोन दिवसांत देईन. दर २,५०० रुपये, निम्मे आधी. मी केलेले दोन नमुने सोबत पाठवतो. शनिवारी सकाळी येऊन घर पाहू का?"

'काका' त्याचा स्वतःचा शब्द, आम्ही 'सर' सुचवला होता. त्याचे बरोबर होते. आणि यात 'मी नवीन आहे' नाही. ते सांगायची गरज नसते, नमुने पाहून माणूस ठरवतो. 'निम्मे आधी' लिहिताना मात्र त्याचा अंगठा थांबला. "दादा, राग आला तर?" आम्ही म्हटले, येऊ दे. गवंडी ॲडव्हान्स घेतो, मांडववाला घेतो, त्यांच्यावर कोण रागावते?

दहापैकी तिघांनी बोलावले. एकाने काम दिले. एकाने घासाघीस करून १,८०० वर आणले, तेव्हा मुलाने आठच फोटो दिले. हे आम्हाला फार आवडले. दर कमी झाला तर कामही कमी होते, हे त्याला कुणी शिकवले नव्हते. तिसऱ्या ठिकाणी आडनाव विचारले गेले आणि 'नंतर कळवतो' झाले.

आडनावाबद्दल आमच्यात वाद आहे. काही मुले ऑनलाइन आडनाव लावत नाहीत, फक्त पहिले नाव ठेवतात. आम्ही त्यांना दोष देत नाही. चूल पेटवायची असते. पण श्रीवर्धनसारख्या गावात ती पळवाट चालत नाही, इथे माणूस वाडीवरून ओळखतात. तालुक्यात आडनावासकट उभे राहायचे आणि काम चोख द्यायचे, बाहेरच्या गिऱ्हाईकाशी ज्याचे त्याने ठरवावे, असे आमचे आजचे मत आहे.

कागदाचे मात्र मतावर सोडू नये. काम काय, किती, कधी आणि दर किती, हे व्हॉट्सॲपवर का होईना लिहून घ्या आणि समोरच्याचे 'ठीक आहे' येऊ द्या. काम घेण्याआधी उद्यम पोर्टलवर नोंदणी करा. ती फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. नोंदणी असली की २००६ च्या एमएसएमई कायद्याने तुमचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करारात काही ठरले नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. दाद मागायला राज्याची फॅसिलिटेशन कौन्सिल आहे. २,५०० रुपयांसाठी कुणी तिथवर जाणार नाही, हे आम्हालाही कळते. पण बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक छापलेला असला की समोरचा जरा वेगळे बोलतो, हे आम्ही पाहिले आहे. उलट २०२५ पर्यंत चाललेल्या स्टँड-अप इंडियाचे कर्ज सुरूच व्हायचे १० लाखांपासून. जुन्या लॅपटॉपवर काम करणाऱ्या पोराला त्याचा काय उपयोग होता?

आता कडू बोलतो. या मुलाने दोन वर्षांत सर्वांत जास्त काम कुणासाठी केले, माहीत आहे? आपल्यासाठी. १४ एप्रिलचे बॅनर, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या पत्रिका, वर्षावासाचे वेळापत्रक, मुंबई मंडळाच्या क्रिकेट स्पर्धेचा लोगो, कुणाच्या निवडणुकीच्या रील. रात्री अकराला फोन, "बाळा, सकाळपर्यंत पाहिजे." पैसे? "समाजाचे काम आहे." मांडववाल्याला पैसे, डीजेला पैसे, बॅनर छापणाऱ्या दुकानदाराला पैसे. ते दुकानदार आपले नव्हेत, त्यांच्याशी घासाघीससुद्धा नाही. फुकट फक्त आपल्या पोराचे डोके. खोत वेठ घ्यायचा तेव्हा त्याला निदान आम्ही वेठ म्हणत होतो.

समाजकार्य आम्हीही करतो, बिनपैशाचे बरेच करतो. पण ते आम्ही आमच्या मनाने करतो. ज्याच्या घरात अजून एकही पगार नाही, त्याच्याकडून ते हक्काने मागायचा अधिकार आम्हाला कुणी दिला? आणि घरच्यांनाच दर सांगता येत नसेल, तर तो बाहेरच्याला कुठल्या तोंडाने सांगणार?

यंदाच्या जयंतीच्या हिशेबात मांडव, ध्वनिक्षेपक, भोजन यांच्या खाली पहिल्यांदाच एक ओळ आली आहे : बॅनर व पत्रिका डिझाईन, १,२०० रुपये. निम्मे आधी दिले होते. मंडळातल्या एका ज्येष्ठांनी या ओळीवर हरकत घेतली आहे. येत्या रविवारी विहारात बैठक आहे, आम्ही जाणार आहोत. मुलालाही बिल घेऊन बोलावले आहे.