विहिरीतले कासव



चोपड्याकडच्या एका वाचकाने पत्रातून विचारले आहे की, आमच्या विहिरीत दोन कासवे आहेत. ती शेततळ्यात सोडून पैदास केली तर शेळी-कोंबडीसारखा जोडधंदा होईल काय? दुसरे पत्र शिरपूर तालुक्यातील एका आजीबाईंचे आहे. नातवाने हट्ट धरला म्हणून बाजारातून इवलेसे कासव आणले, आता त्याची पाठ मऊ पडली आहे. त्याला काय चारावे?

धंद्याचे उत्तर आधी देतो. ते 'नाही' असे आहे. आपल्याकडे तापी, गिरणा, पांझरेच्या डोहांत आणि विहिरींत दिसते ते बहुधा मऊ पाठीचे कासव. पोटाच्या बाजूने मागच्या पायांवर झाकणासारख्या झडपा असतात, त्यांवरून ते ओळखावे. वन्यजीव संरक्षण कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला बसलेले आहे. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले तारा कासव पूर्वी खालच्या अनुसूचीत होते. 2022 च्या दुरुस्तीने तेही वर आले. ही कासवे पकडणे, विकणे, घरात बाळगणे, सगळाच गुन्हा आहे. शिक्षा किमान 3 वर्षे कैद, ती 7 वर्षांपर्यंत जाऊ शकते, आणि दंड किमान 25,000 रुपये. एवढ्या रकमेत एखादी दुभती शेळी पिलांसह दारात येते.

पण कायदा घटकाभर बाजूला ठेवू. विहिरीत कासवे वर्षानुवर्षे राहतात आणि त्यांची पिले मात्र कधी दिसत नाहीत, हे तुमच्या ध्यानात आले आहे काय? कासव पाण्यात राहत असले तरी अंडी घालते मातीत. मादी काठावर चढते, मागच्या पायांनी खड्डा उकरते, अंडी घालून माती ओढते आणि निघून जाते. बांधीव विहिरीत तिला चढायला वाट नाही, उकरायला माती नाही. पाणी स्वच्छ राहावे म्हणून जुन्या लोकांनी हौसेने विहिरीत कासव सोडले, पण त्या दिवसापासून त्याचा वंश तिथेच खुंटला. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यातही हीच गत.

पाण्याचेही सांगतो. कासव गोगलगायी, किडे, मेलेले मासे खाते हे खरे, पण त्याची विष्ठाही त्याच पाण्यात पडते. कासव आहे म्हणून पिण्याच्या विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायचे थांबवू नका.

अंडी हाती लागली तर ती कोंबडीच्या अंड्यांसारखी उबवता येतील, असेही कोणाला वाटेल. खुडूक कोंबडी आपली अंडी दिवसातून कितीदा तरी उलटी-पालटी करते, आणि ते केलेच पाहिजे. कासवाच्या अंड्याचे नेमके उलटे. आतला गर्भ वरच्या बाजूला कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. त्यानंतर अंडे फिरवले की तो मरतो. शिवाय पुष्कळ जातींत नर निघणार की मादी, हे मातीच्या उष्णतेवर ठरते. तारा कासवात माती जास्त तापली की माद्या, थंड राहिली की नर. आपल्या मऊ पाठीच्या कासवाची अंडी तर कित्येक महिने जमिनीत पडून असतात. एवढी सबुरी कोणत्या धंद्याला परवडेल?

हे काम शास्त्रशुद्ध कसे होते, ते रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातील वेळास गावाने दाखवले आहे. तिथे समुद्री कासवे वाळूत अंडी घालतात. पूर्वी ती अंडी उकरून खाल्ली, विकली जात. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांना सोबत घेतले. अंडी अलगद उचलून कुंपणातल्या वाळूत तेवढ्याच खोल पुरायची, सुमारे 50 दिवसांनी पिले वर आली की समुद्रात सोडायची. ते कासव पाळत नाहीत, हे लक्षात घ्या. पण पिले पाहायला शहरातून लोक येतात, गावातल्या घरी उतरतात, जेवतात, आणि दोन पैसे गावातच राहतात.

आता आजीबाईंचे कासव. डोळ्यामागे लाल पट्टा असेल तर ते मूळचे अमेरिकेतले. लहान मुलाला मुडदूस व्हावा तसा आजार त्याला झालेला दिसतो. त्याला रोज कोवळे ऊन द्या. काचेतून आलेले ऊन उपयोगाचे नाही. बाजूला सावली आणि पाण्याबाहेर बसायला दगड हवा. भात-पोळी बंद करून बारीक मासे काट्यांसह आणि हिरवा पाला द्या, आणि जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. कासवाला हात लावला की नातवाने साबणाने हात धुतलेच पाहिजेत. अशा छोट्या कासवांमुळे मुलांना पोटाचे विकार होतात म्हणून अमेरिकेनेच 1975 मध्ये त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. ते ताटाएवढे होते आणि मग नकोसे वाटते. तरीही नदीत किंवा विहिरीत सोडू नका. आपल्या कासवांच्या तोंडचा घास ते पळवते. तुमच्याकडचे चांदण्यांचे असेल, तर मात्र वनखात्याला कळवणे हाच मार्ग.

वीस नखांचे कासव आणा, पैशाचा पाऊस पाडतो, असे सांगणारेही गावोगाव हिंडतात. आपल्या मऊ पाठीच्या कासवाच्या एकेका पायाला तीनच नखे असतात, म्हणजे एकूण बारा. उरलेली आठ तो भामटा कुठून मोजतो, हे त्यालाच विचारा. महादेवाच्या देवळात नंदीपुढे कासव असते, त्याची नखे कोणी मोजत बसत नाही.

उन्हाळ्यात नाला आटला की कासव चिखलात दडून बसते आणि नांगराच्या फाळाला लागते. असे सापडले तर उचलून जवळच्या ओलसर काठाला ठेवा. जखमी असेल तर वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. विहिरीतले कासवही त्यांच्याच हातून नदीवर जाऊ द्या, तोवर केळीचे दोन खांब बांधून पाण्यावर तरंगते ठेवा, त्यावर ते उन्हाला बसेल. आणि शेततळ्याच्या घसरड्या कागदावर काठापासून पाण्यापर्यंत काथ्याचे जाळे किंवा गोणपाटाची पट्टी सोडून, वरचे टोक खुंटीला पक्के बांधा. कासव त्यावरून चढेल, आणि तोल जाऊन पडलेल्या पोरालाही धरायला काहीतरी राहील.