ढालगज भवानी आणि आमचे विनोदवीर

नगरच्या नागापुरात गणपतीच्या मांडवात एक प्रहसन झालं. नायिका सेनापतीण. पोटाला उशी, हातात पत्र्याची तलवार; बसली की बाकडं मोडतं, शिंकली की चार शिपाई आडवे. शेवटी काडीपैलवान नवऱ्याने डोळा मारताच ती लाजून पाणी पाणी होते. मी नाक मुरडलं, तर लेखकाचे एक कैवारी अंगावर आले. म्हणे, ही टिंगल नव्हेच, शक्तीची पूजा आहे. लढवय्या बायका धिप्पाडच असणार. लोक हसतात, बायकाही हसतात. आणि मुळात तुम्हाला विनोद कळत नाही.

शेवटच्या मुद्द्यापुढे मी हात टेकले. हसण्याचं म्हणाल, तर चिखलात घसरलेल्या म्हाताऱ्यालाही लोक हसतात. पूजेचं म्हणाल, तर देवीने महिषासुराला शस्त्राने मारलं, त्याच्यावर बसून नव्हे.

पण 'लढवय्या बायका धिप्पाडच असणार' हे वाक्य नगर जिल्ह्यात उभं राहून बोलायचं? इथून जवळच भुईकोट किल्ला आहे. १५९५च्या अखेरीस त्याला शाहजादा मुरादच्या मोगल फौजेचा वेढा पडला आणि आतून किल्ला लढवला तो चांदबिबीने. ती किती वजनाची होती, याची इतिहासकारांना फिकीर नव्हती. तिच्या पश्चात, १७००च्या सुमारास काढलेलं दख्खनी चित्र प्रसिद्ध आहे, त्यात घोड्यावर बसून ससाण्याने शिकार करणारी सडपातळ बाई दिसते. ते काही समोर बसवून काढलेलं नव्हे, पण त्या काळच्या चित्रकाराला पराक्रम दाखवायला उशी लागली नाही, एवढं नक्की.

आणि ती लढली कशी? मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. बातमी लागताच किल्ल्यातल्यांनी आतून खणून काहींतली दारू काढून घेतली. एक उडालाच, तटाला खिंडार पडलं, सरदार पळायच्या बेतात. तेव्हा चांदबिबी चिलखत घालून, बुरखा घेऊन, तलवार उपसून खिंडारात उभी राहिली आणि रातोरात दगडमातीने ते बुजवून घेतलं. पुढे तह झाला. वऱ्हाड गेलं, नगर राहिलं. यात वजनाचं काम कुठे होतं? आमच्या विनोदवीरांची बाई मात्र अंगावर पडून जिंकते. तिला बळ दिलं की अक्कल काढून घ्यायची, हा यांचा व्यवहार. (तसं आम्हा नगरकरांचंही काही सांगू नका. डोंगरावरच्या ज्या वास्तूला आपण चांदबिबीचा महाल म्हणतो, ती सलाबतखानाची कबर आहे.)

दुसरी खोड अधिक जुनी. बलदंड बाई शेवटी पुरुषाच्या मापाची करूनच सोडायची. महाभारतातल्या हिडिंबेलाही भीमापुढे यायला सुंदर रूप घ्यावं लागलं. शेक्सपिअरच्या नाटकावरून वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी 'त्राटिका' लिहिलं, त्यातही नायिकेला वठणीवर आणणं हाच खेळ.

मागे तमाशातल्या मावशीवरून असाच वाद झाला होता आणि तेव्हा मी मावशीच्या बाजूने होतो, म्हणून आता मला दुटप्पी म्हणतात. अहो, मावशी साक्षात कृष्णाची फिरकी घेते. हसू तिच्या तोंडून येतं, तिच्या अंगावरून नाही. फरक कळत नसेल तर गौळण पुन्हा पाहा.

मग हवं काय? मोठ्या अंगाची बाई विनोदात नको, असं मी म्हणत नाही. जॅक कर्बीने १९७१मध्ये अमेरिकन कॉमिक्समध्ये बिग बार्डा आणली. नवऱ्याहून थोराड, नवऱ्याहून ताकदवान, आणि तरी संसार गोडीगुलाबीचा. मौज येते, तिची शोभा होत नाही.

आणि खरा फार्स हवाच असेल तर तो १५९५च्या नगरात तयार आहे. निजामशाहीच्या गादीसाठी सरदारांचे चार गट, प्रत्येकाचा वारस वेगळा. त्यांतल्या मियां मंजू या सरदाराने ज्याला पुढे केलं, तो निजामशाही घराण्यातला आहे की नाही याचीच शंका. त्याच मंजूने मदतीला मोगलांना बोलावलं, मग पस्तावला आणि किल्ला चांदबिबीवर टाकून आपण बाहेर पडला. पाहुणे दारात, यजमान पसार! या सगळ्या गोंधळात शुद्धीवर असलेलं माणूस एकच, आणि १६००मध्ये फितुरीच्या संशयावरून तिलाच स्वकीयांनी मारलं. हसायचं तर त्या सरदारांना हसा. कैवाऱ्यांनी आपल्या लेखकाकडून मियां मंजूवर प्रहसन लिहून घ्यावं. पहिली वर्गणी माझी.