डर्बी दुसऱ्या फळीची

रियाधच्या आग्नेयेला, दुधाच्या डेअऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या अल खर्जमध्ये फुटबॉलचे दोन क्लब आहेत: अल शुअला म्हणजे ज्योत आणि अल कौकब म्हणजे तारा. एका गावातले दोन क्लब डर्बीत भिडले की, मग ते अल खर्ज असो वा कोल्हापूर, सामन्यानंतर दोन वाक्यं ठरलेली असतात. हरलेला म्हणतो, ‘आमचा हुकमी खेळाडू दुखापतीनं बाहेर होता.’ जिंकलेला म्हणतो, ‘डर्बीत कागदावरचा संघ बघायचा नसतो, ईर्ष्या लागते.’ माझ्या मते दोघांचंही चुकतं. कोण बाहेर बसला यापेक्षा त्याच्या जागी कोण उतरला आणि त्या दिवसापर्यंत त्याला किती खेळवलं होतं, यावर डर्बी ठरते.

पुरावा जवळच, रियाधमध्ये आहे. तिथल्या अल हिलाल क्लबनं २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुमारे ९ कोटी युरो मोजून नेमारला आणलं. १७ ऑक्टोबरला माँटेव्हिडिओत उरुग्वेविरुद्ध ब्राझीलकडून खेळताना त्याच्या डाव्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला आणि हंगाम संपला. संघाचा कणाच मोडला, असं तेव्हा कुणालाही वाटलं असतं. पण १ डिसेंबरला रियाधच्या डर्बीत हिलालनं रोनाल्डोच्या अल नस्रला ३–० हरवलं. एक गोल मिलिंकोविच-साविचचा, दोन मित्रोविचचे. पुढे ३४ सामन्यांत ३१ विजय आणि ३ बरोबरींसह, एकही पराभव न पत्करता लीग जिंकली. नेमार जिथे खेळायचा तिथे सालेम अल दौसरी आणि मिशेल आधीपासून तयार होते. जानेवारीत नेमारची परदेशी खेळाडूंच्या कोट्यातली जागा रेनान लोदीला दिली गेली. दुखापत कुणाच्या हातात नसते. तिची तयारी मात्र आधीच करता येते.

ईर्ष्येची बाजू मांडणारे २२ नोव्हेंबर २०२२ ची आठवण देतील, आणि ती जोरदार आहे. कतारच्या विश्वचषकात अर्जेंटिनाविरुद्ध सौदीचा कर्णधार सलमान अल फराज मध्यंतराआधीच दुखापतीनं बाहेर गेला. संघ ०–१ नं मागे होता. मध्यंतरानंतर अल शेहरी आणि अल दौसरीनं दोन गोल केले आणि सौदी जिंकला. शेवटच्या मिनिटांत आपल्याच गोलरक्षकाचा गुडघा यासर अल शहरानीच्या तोंडावर आदळला. स्ट्रेचरवरून जाताना त्यानं अंगठा उंचावून दाखवला. एवढी जिद्द क्वचित दिसते. पण पुढचे दोन सामने अल फराज आणि अल शहरानीशिवाय खेळावे लागले आणि पोलंडकडून ०–२, मेक्सिकोकडून १–२ अशी हार पत्करावी लागली. केवळ त्यांच्या गैरहजेरीनं हरले, असं मी म्हणणार नाही. एवढं मात्र दिसतं की ईर्ष्येवर एक दुपार निभावली, पुढचा आठवडा निभावला नाही.

दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे. हिलालमागे त्या हंगामात सौदीच्या सरकारी गुंतवणूक निधीचा पैसा होता. अल खर्जच्या क्लबांनी काय करावं? अल शुअलानं २०१२ ते २०१५ असे तीन हंगाम सर्वोच्च लीगमध्ये काढले आणि खाली आला. गावच्या क्लबाला प्रत्येक जागेला दोन तयार खेळाडू विकत घेणं परवडत नाही, हे मान्य. म्हणूनच त्यांनी घडवले पाहिजेत. सामन्यात पाच बदलांची मुभा २०२२ पासून नियमांत कायमची आली आहे. साध्या सामन्यात, निकाल हाताशी असताना, शेवटची वीस मिनिटं एकोणीस वर्षांच्या डाव्या बॅकला दिली तर त्यासाठी पैसा लागत नाही, धीर लागतो. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार हा तालमींचा सामना पाहणाऱ्याला हे सांगायला नको. तालमी परदेशी खेळाडू आणतात, सगळी आखणी त्याच्याभोवती होते, आणि त्याचा स्नायू ताणला की आपल्याच पेठेतलं पोर थेट डर्बीत पहिल्यांदा उतरतं. ते चुकलं की प्रेक्षक त्याला बोल लावतात. दोष त्याला वर्षभर बाकावर बसवणाऱ्यांचा असतो.

तेव्हा पुढच्या डर्बीआधी, अल खर्जमध्ये असा की कोल्हापुरात, पहिल्या अकरांची यादी जरा बाजूला ठेवा आणि राखीव खेळाडूंची नावं वाचा. त्यातल्या किती जणांना तुम्ही या हंगामात खेळताना पाहिलंय, ते मोजा आणि आपल्या क्लबाला जाब विचारायचा असेल तर तो सामन्याआधी विचारा.