हजेरीपटावरचे खेळाडू

हा लेख तुम्ही बहुतेक फोनवरच वाचताय, आणि ज्या गेमची मी शिफारस करणार आहे तो फोनवर चालत नाही. त्याला कॉम्प्युटर लागतो. पण कुठलाही चालेल. ताईच्या कॉलेजच्या वेळचा, बिजागरी सैल झालेला, चार्जर लावल्याशिवाय सुरू न होणारा लॅपटॉप माळ्यावर पडला असेल तर तोसुद्धा. ग्राफिक्स कार्ड लागत नाही. एकदा उतरवून घेतला की इंटरनेट लागत नाही. जुनी आवृत्ती फुकट मिळते.

गेमचं नाव 'अनरिअल वर्ल्ड'. फिनलंडच्या सामी मारानेनने तो पहिल्यांदा १९९२ साली लोकांपुढे आणला आणि तेव्हापासून तो त्यात भर घालतोच आहे. पुढे एर्क्का लेह्मुस त्याच्या जोडीला आला. तीस वर्षांहून जास्त काळ एकच गेम, आणि बनवणारी मुख्यतः दोन माणसं. २०१६ साली तो स्टीमवर आला, तरी आजही तुमच्या ओळखीतल्या दहा गेमर्सना विचारलंत तर नऊ जण 'कुठला?' म्हणतील. दहावा बहुधा उगाच मान डोलावेल.

तो का खेळायचा हे सांगण्याआधी मी काय खेळत होतो ते सांगतो, नाहीतर हा उपदेश होईल.

माझ्या फोनवर एक गेम होता. नाव महत्त्वाचं नाही, त्याच्यासारखे शेकडो आहेत. ड्रॅगन, तलवारी, झगमगते किल्ले. रोज उघडला की बक्षीस, सलग सात दिवस उघडला की मोठं बक्षीस, आणि एक दिवस चुकला की साखळी तुटून पुन्हा एकपासून सुरुवात. माझी साखळी ४१२ दिवसांची होती. बाबांची अँजिओप्लास्टी झाली त्या रात्री मी आणि आई आयसीयूबाहेरच्या बाकावर बसलो होतो. बारा वाजायला आठ मिनिटं असताना फोन थरथरला. मी उघडला, बक्षीस घेतलं, पेटी फुटण्याचं ते ॲनिमेशन शेवटपर्यंत पाहिलं. आईने विचारलं, "डॉक्टरांचा मेसेज आहे का रे?" मी "नाही" म्हणालो आणि फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

बाबा आता बरे आहेत. पण ती आठ मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत. मला त्या क्षणी गेम खेळावासा वाटत नव्हता. गेले कित्येक महिने वाटत नव्हता. मी फक्त हजेरी लावत होतो.

माझा मुद्दा एवढाच आहे. आपल्या फोनवरचे बहुतेक 'फुकट' गेम हे गेम नसून हजेरीपट आहेत. त्यांना तुमचं कौशल्य नको असतं, तुमची कल्पनाशक्ती तर नकोच असते. तुम्ही रोज यावं, आलात की थोडं थांबावं आणि कधीतरी कंटाळून पैसे टाकून पुढे सरकावं, एवढंच त्यांना हवं असतं. ऊर्जा संपली की चार तास थांबा, नाहीतर ४९ रुपये द्या. म्हणजे त्यांनी विकायला काढलेली वस्तू कुठली? त्यांच्याच गेमपासूनची सुटका! मिसळवाल्याने 'ही प्लेट खायची नसेल तर वीस रुपये द्या' म्हटलं तर आपण त्याला वेड्यात काढू. इथे आपण यूपीआयचा पिन टाकतो.

२०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या गेम्सवर बंदी घातली. बरं झालं. आमच्या गल्लीतल्या दोन घरांत त्या गेम्सनी काय केलं ते मी पाहिलंय. पण त्या कायद्याची रेघ पैसे लावण्याशी आहे. जिंकायच्या आशेने पैसे लावले तर तो गुन्ह्याचा धंदा. तुमची चारशे बारा दिवसांची मध्यरात्र लावली तर ते मनोरंजन. यावर दुसरा कायदा करा असं मी म्हणत नाहीये. रात्री किती वाजता काय उघडायचं हे सरकारने ठरवावं अशी माझी मुळीच इच्छा नाही. म्हणूनच ते आपल्याला ठरवावं लागेल.

घरातल्या मोठ्यांचं यावर एकच उत्तर असतं: "गेमच बंद कर, पुस्तक वाच." त्यांचा राग मला समजतो, पण हे उत्तर चुकीचं आहे. भिकार कादंबऱ्या निघतात म्हणून कुणी वाचन बंद करा म्हणत नाही, चांगली कादंबरी हातात देतात. गेमच्या बाबतीत मात्र हातात द्यायला त्यांच्याकडे काही नसतं, कारण चांगला गेम कसा असतो हे त्यांना कुणी दाखवलेलंच नाही. आपणही दाखवलेलं नाही. आपण मराठीत गेमबद्दल बोलतो ते एफपीएस किती मिळतो, फोन किती तापतो आणि नवीन सीझन कधी येतो याबद्दल.

तर आता दाखवतो.

'अनरिअल वर्ल्ड' सुरू होतो तेव्हा तुम्ही लोहयुगातल्या उत्तरेकडच्या एका जंगलात उभे असता. अंगावर थोडे कपडे, कमरेला सुरी, नशीब असेल तर कुऱ्हाड. वरून पाहिलेला साधा नकाशा, झाडांची छोटी छोटी चित्रं, आणि काय घडतंय ते सांगणारी वाक्यं. गोष्ट नाही. राजकन्या नाही. तुम्ही निवडलेले महापुरुष वगैरे नाही. गावातले लोक एखादं काम सांगतात, ते करा किंवा करू नका. प्रत्येक खेळात नकाशा नवा. मेलात की मेलात, मागच्या सेव्हवर परत जाणं नाही.

माझा पहिला माणूस तळ्यात बुडाला. थंडीची नुकती सुरुवात होती, तळं पांढरं दिसत होतं, आणि वळसा घालायचा कंटाळा आला होता. बर्फ पातळ होता. अंगावर लोकरीचे जाड कपडे, पाठीवर गावातून आणलेलं ओझं. दोन-तीन वाक्यांत संपला. मी चिडून गेम बंद केला. मग दात घासताना लक्षात आलं की यात गेमची काहीच चूक नव्हती. तळं नुकतंच गोठलंय हे मला दिसत होतं. मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या माणसाची गोष्ट अजून आठवते. त्याने उन्हाळ्यात एका एल्कचा माग काढला. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या जातकुळीतला, पण त्याहून कितीतरी थोराड. तो तुमच्यापेक्षा वेगाने पळतो, पण दमतो. तुम्ही त्याला विसावू न देता पाऊलखुणांवरून मागे जात राहायचं. तुम्हीही दमता. दोन दिवस मी हेच केलं. शेवटी तो दमून थांबला आणि माझ्या भाल्याने पडला. कातडं सोललं, आणि समोर मांसाचा एवढा ढीग की मला महिनोन्महिने पुरावा. मी खुर्चीत उभा राहिलो होतो.

मग प्रश्न आला की याचं करायचं काय? मांस धुरावर टिकवायला चार भिंतींची खोली आणि चूल लागते, शिवाय रोज धूर करत दोनेक आठवडे जातात. माझ्याकडे झोपडीसुद्धा नव्हती. वाळवायला थंड हवा लागते, आणि हा उन्हाळा. मी भाजता येईल तेवढं भाजलं, उचलता येईल तेवढं उचलून गावात नेलं, त्याच्या बदल्यात वस्तू घेतल्या. बाकीचं जंगलात सडलं.

मी शेकडो तास ज्या गेममध्ये 'लेव्हल' वाढवत होतो, त्याने मला कधी असं काही शिकवलं नव्हतं. ताकद होती, नशीबही होतं, पण कामाचा क्रम चुकला होता. आधी घर, मग शिकार. तिसऱ्या माणसाने आधी झाडं तोडली, ओंडके ओढले, कित्येक दिवस घालवून एक खोली उभी केली. मग दोन तळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर कुंपण घातलं, मध्ये वाटा सोडल्या आणि त्या वाटांवर खड्डे खणून वरून झाकले. शरद ऋतूत जनावरं आपणहून आली. त्या हिवाळ्यात बाहेर बर्फ साचत होता आणि माझा माणूस चुलीपाशी बसून कातडी कमावत होता. 'अभिनंदन' असं कुणी म्हणालं नाही. नाणी उडाली नाहीत. मला मात्र एवढं समाधान कुठल्याच गेमने दिलं नव्हतं, कारण ते मी मिळवलं होतं आणि कुणी विकलं नव्हतं.

या जगात पैसाच नाही. वस्तूला वस्तू. फिनिश भाषेत पैशाला आज 'राहा' म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ जनावराचं केसाळ कातडं असा होता. गेम हे कुठे समजावून सांगत नाही. तुम्ही खारीची कातडी घेऊन गावात उभे राहता आणि समजून जाता.

"पण ही फँटसी कुठे आहे? ही तर जंगलातली हमाली," असं एका मित्राने मला ऐकवलं. त्याचं उत्तर देणं भाग आहे, कारण फँटसी म्हणजे काय हेही या हजेरीपटांनी ठरवून टाकलंय: टोकदार कान, जांभळी वीज, आणि दर आठवड्याला नवा ड्रॅगन. 'अनरिअल वर्ल्ड'मधलं अद्भुत हे त्या काळच्या माणसाच्या श्रद्धेतून येतं. शिकार मिळाली तर जंगलाच्या दैवतांना त्यांचा वाटा ठेवायचा. ठरावीक कामाला ठरावीक विधी. एलियास ल्यॉनरोटने गावोगाव फिरून गोळा केलेल्या लोकगीतांतून १८३५ साली 'कालेवाला' हे महाकाव्य सिद्ध केलं, त्यात भेटणारं फिनलंडचं जग हेच. तिथले लोक अस्वलाला थेट नावाने हाक मारायचं टाळत. आज फिनिशमध्ये अस्वलाला जो शब्द आहे, 'कार्हू', तोही असाच आडून वापरलेला, राठ केसांवरून आलेला मानतात. आपल्याकडे रात्री सापाचं नाव घेत नाहीत, 'लांबडं' म्हणतात, 'जनावर' म्हणतात. माझी आजी म्हणायची. ड्रॅगनसमोर मला कधी भीती वाटली नाही, पण रात्रीच्या जंगलात दैवताचा वाटा ठेवायला विसरल्यावर पुढचे दोन दिवस एकही ससा फासात सापडला नाही, तेव्हा मात्र मनात पाल चुकचुकली. तो योगायोग होता की गेमने हिशेब ठेवला होता, हे मी मुद्दाम शोधलं नाही.

मोठ्या कंपन्यांच्या 'ओपन वर्ल्ड' गेम्सबद्दल बोलायचं तर तिथे जग खरंच प्रचंड असतं. पण नकाशावर पन्नास खुणा, आणि प्रत्येक खुणेकडे नेणारा बाण. आपण त्या सुंदर डोंगरातून जातो ते कोपऱ्यातल्या बाणाकडे बघत. पैसे भरून घेतलेली कामांची यादीच ती.

आता 'अनरिअल वर्ल्ड'चे दोष, कारण ते लपवले तर मीही जाहिरातदार. दिसायला तो जुनाट आहे. जवळजवळ प्रत्येक कामाला कीबोर्डवरचं वेगळं बटण आहे आणि पहिले काही तास तुम्ही तीच शोधत राहता. नवख्याला वाट दाखवणारे धडे आत आहेत, तरी सगळं कळत नाही. काही मरणं खरोखर अन्यायाची वाटतात: न्येर्पेझ नावाचे परके लुटारू वाटेत भेटले तर तुमचं सगळं शहाणपण पाच मिनिटांत संपतं. इंग्रजी वाचावं लागतं. आणि हा गेम खेळणारे काही लोक आपण किती कठीण गेम खेळतो याचा जो टेंभा मिरवतात, तो मलाही सहन होत नाही. कठीण असणं हा गुण नाही. आमच्या कॉलेजचा परीक्षा विभागही कठीण होता.

तुम्ही म्हणाल की दिवसभर काम करून, लोकलमध्ये लोंबकळून आल्यावर कुणाला ओंडके ओढायचेत? डोकं बाजूला ठेवून दहा मिनिटं काहीतरी हवं असतं. कबूल. दहा मिनिटांच्या विरंगुळ्याशी माझं भांडण नाही. कँटीनमधला कॅरम दहा मिनिटांचाच असतो. पण कॅरम रात्री पावणेबाराला तुम्हाला बोलावत नाही. तुम्ही काल आला नाहीत म्हणून आज तुमची राणी काढून घेत नाही. 'अनरिअल वर्ल्ड' मी कधीकधी तीन-तीन महिने उघडत नाही. परत आलो की माझा माणूस जिथे ठेवला होता तिथेच असतो, चुलीत लाकडं तेवढीच, बाहेर बर्फ तेवढाच. या गेमला मी नसण्याचं काही वाटत नाही. हा त्याने माझा राखलेला मान आहे असं मला आता वाटतं.

तेव्हा लॅपटॉप माळ्यावरून काढा. पहिला माणूस मरेल, मरू द्या. तळ्यावर पाय ठेवण्याआधी किती दिवस थंडी पडतेय ते मोजा. उन्हाळ्यात एल्कच्या मागे जाऊ नका. आणि गेलातच तर आधी खोली बांधा.

आणि फोनवरच्या त्या दुसऱ्या गेममध्ये तुमची साखळी कितीही दिवसांची असो, आज रात्री ती तुटू द्या. माझी ४१३व्या दिवशी तुटली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना वॉर्डात आणलं, तेव्हा फोन माझ्या बॅगेत होता.