हरणांचा कैवारी कोण?

'माझा आवडता प्राणी' हा निबंधाचा विषय दिला की वहीमागून वहीत हरिण भेटते. त्याचे टपोरे डोळे, नाजूक पाय व भित्रा स्वभाव यांचे वर्णन होते, आणि शेवटी 'दुष्ट वाघ त्या बिचाऱ्यास मारून खातो' हे वाक्य हटकून येते. मुलांच्या ह्या कोमल भावनेचे आम्हांस कौतुकच वाटते. तथापि त्या वाक्याखाली आम्ही तांबडी रेघ ओढतो. तिचे कारण येथे सांगितले पाहिजे.

हिंस्र पशू नसतील तेथे हरणे सुखाने नांदतात काय? अलास्कानजीक बेरिंगच्या समुद्रात सेंट मॅथ्यू नावाचे निर्जन बेट आहे. दुसऱ्या महायुद्धात तेथे अमेरिकन तटरक्षक दलाचे ठाणे होते. अडीअडचणीस अन्न असावे म्हणून १९४४ साली २९ रेनडियर, म्हणजे हिमप्रदेशातील हरणे, तेथे सोडण्यात आली. पुढे माणसे निघून गेली, हरणे राहिली. लांडग्याचे भय नाही आणि भूमीवर दगडफुलाच्या जातीच्या वनस्पतींचा जाड थर! १९५७ साली ती १,३५० झाली व १९६३ साली सुमारे ६,०००. परंतु दगडफूल अतिशय सावकाश वाढते. चारा सरला, त्यातच १९६३-६४ चा हिवाळा कडक आला, आणि जवळजवळ सारा कळप उपासमारीने मेला. १९६६ साली डेव्हिड क्लाइन हे शास्त्रज्ञ तेथे गेले, तेव्हा अवघी ४२ हरणे उरली होती. त्यांत नर एकच. कालांतराने तीही नाहीशी झाली.

हा दाखला दूरच्या हिमप्रदेशातला, असे कोणी म्हणेल. मग आपले अंदमान पाहावे. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिशांनी तेथे चितळ नेऊन सोडले. तेथे वाघ नाही व बिबट्याही नाही. चितळ कोवळी रोपे खाऊन टाकीत असल्यामुळे जंगलाची नवी पिढी खुंटत आहे, असे अभ्यासकांस आढळले आहे. वाघ हरणांची संख्या आवरतो आणि त्यांना एके ठिकाणी फार वेळ चरू देत नाही. त्यामुळे रोपांस वाढण्यास अवसर मिळतो. रान टिकले तरच हरणांचा वंश टिकणार.

आता आमच्या गोव्याकडे वळू. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीच्या म्हादई अभयारण्यात चार वाघ मृत आढळले, आणि विषप्रयोगाची गोष्ट पुढे आली. गुरे मारल्याचा तो सूड होता, असे सांगण्यात आले. गोठ्यातील दुभती गाय गेली म्हणजे घराचे काय होते, हे आम्ही जाणतो. रान सर्वांसाठी राखावयाचे, तर त्याचे मोल एकट्या धनगराने वा शेतकऱ्याने का भरावे? त्यास भरपाई पुरेशी मिळाली पाहिजे आणि विनाविलंब मिळाली पाहिजे.

परंतु एक प्रश्न आम्ही स्वतःसही विचारावा. वाघ गोठ्याकडे का वळतो? सांबर, ज्यास आम्ही कोंकणीत मेरू म्हणतो, हे त्याचे आवडते भक्ष्य. रात्री बंदूक घेऊन मेरू मारणारे आणि ते मांस चवीने खाणारे आमच्यातच आहेत. आम्ही वाघाच्या तोंडचा घास घ्यावा, त्याने आमची गाय न्यावी, आणि मग आम्ही त्यास विष घालावे, हा न्याय म्हणावा काय?

तेव्हा, विद्यार्थिमित्रांनो, हरिण तुमचे आवडते असेल तर अवश्य असू द्या. मात्र पुढील वर्षीच्या निबंधात वाघास दुष्ट म्हणू नका. आणि घरी कोणी मेरूचे मांस आणलेच, तर 'मला नको' असे म्हणण्याचे धैर्य दाखवा. आमच्या मते हरणांवरील प्रेमाची खरी परीक्षा तीच आहे.