एका काडीच्या रेंजवर
यावलहून सातपुड्याच्या पायथ्याकडे गेलं की केळीच्या मळ्यात कधी कधी रेंजची एकच काडी उरते. घड कापायचा दिवस असला, मजूर बांधावर येऊन थांबलेले असले, की बऱ्हाणपूरचा भाव आत्ताच कळायला हवा. अशा वेळी ऑपेरा मिनी मला फार मोलाचं वाटतं. २००६ मध्ये जगभर खुलं झालेलं हे ब्राउझर पान आधी आपल्या सर्व्हरवर आवळतं, फोटो बारीक करतं नि मगच फोनकडे धाडतं. म्हणून गच्च भरलेल्या जुन्या फोनवरही भावाचा तक्ता उघडतो. पण डेटा सर्वाधिक वाचवणाऱ्या पद्धतीत सांकेतिक रूपात झाकलेला मजकूरही त्या मधल्या सर्व्हरवर उलगडतो. तेव्हा भाव, हवामान, बातम्या खुशाल बघा. बँकेचा पासवर्ड तिथे टाकू नका.