घरचा छोटा संगणक मंद झाला असेल तर

नांदुऱ्यासारख्या गावात बहुतेक घरांत संगणक असला तर एकच असतो आणि त्यावर हक्क मात्र सगळ्यांचा. बाजीला महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असतो, धाकट्याला गणिताचे व्हिडिओ पाहायचे असतात आणि अब्बांना रात्री दुकानाचा हिशोब लिहायचा असतो. लॅपटॉपची किंमत झेपत नाही म्हणून काही घरांनी रास्पबेरी पाय घेतलेला असतो. एटीएम कार्डाएवढा हा बोर्ड टीव्हीला जोडला, त्याला कीबोर्ड आणि माउस लावला की संगणक तयार. मुलांना स्वस्तात संगणक शिकता यावा, या हेतूने तो इंग्लंडच्या केंब्रिज शहरात तयार झाला आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी पहिल्यांदा विक्रीला आला. आपल्याकडे पुण्याच्या पाय जॅम फाउंडेशनने याच बोर्डांच्या आधारे सरकारी शाळांतल्या मुलांपर्यंत संगणकशिक्षण नेले आहे.

पण वर्षभर वापरल्यावर घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. सुरू व्हायला वेळ लागतो, ब्राउझर उघडेपर्यंत चहा गार होतो आणि एखाद्या दिवशी तर पडदा काळाच राहतो. मग सगळे बोर्डाला दोष देतात. दोष बहुतेक वेळा बोर्डाचा नसतो, त्यात खुपसलेल्या छोट्या मेमरी कार्डाचा असतो.

कार्ड का अडते?

मायक्रो एसडी कार्ड मुळात फोटो आणि व्हिडिओ साठवण्यासाठी आहे. एक मोठी फाइल सलग लिहायची तर ते बरे चालते. संगणकाचे काम मात्र वेगळे. तो एका क्षणात शेकडो बारीकसारीक फाइली वाचतो आणि लिहितो. ‘ए१’ असा शिक्का असलेल्या कार्डाने सेकंदाला किमान १,५०० छोटी वाचने आणि ५०० छोटी लेखने करावीत, एवढीच अपेक्षा असते. साध्या एसएसडीची, म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्हची, हीच क्षमता हजारोंनी मोजतात. सलग वेगातही फरक मोठा आहे. रास्पबेरी पाय ४ मध्ये कार्डाचा मार्ग सेकंदाला ५० एमबीच्या पुढे जातच नाही. त्याच बोर्डाच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टवर चांगली एसएसडी ३०० एमबीच्या वर जाते.

आधी बोर्ड ओळखा

निळे पोर्ट आहेत का ते पाहा. पाय ४ (२०१९), कीबोर्डातच संगणक असलेला पाय ४०० (२०२०) आणि पाय ५ (२०२३) यांना ते आहेत. पाय ३ किंवा त्याहून जुन्या बोर्डाला यूएसबी २ आहे. तिथे सेकंदाला ३०-४० एमबीवरच गाडी अडते, म्हणून केवळ वेगासाठी नवी एसएसडी विकत घेणे म्हणजे फिजूलखर्ची. संथपणा इंटरनेटचा असेल किंवा बोर्डाची रॅम एकच जीबी असून ब्राउझरचे दहा टॅब उघडे असतील, तरीही एसएसडीने फारसा फरक पडणार नाही. खिशात हात घालण्याआधी हे तपासा.

काय लागेल?

अडीच इंची साटा एसएसडी आणि तिला यूएसबी ३ मध्ये बदलणारी केबल, एवढेच. घरच्या कामाला २४० किंवा २५६ जीबी भरपूर. बंद पडलेल्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असेल तर लॅपटॉप भंगारात देण्याआधी ती काढून घ्या. मात्र लॅपटॉपमधली फिरणाऱ्या चकतीची जुनी हार्ड डिस्क म्हणजे एसएसडी नव्हे. ती वीज जास्त खाते आणि छोट्या फाइलींच्या कामात तितकीच मंद असते.

विजेकडे लक्ष द्या. पाय ४ ला ३ अँपिअरचा चांगला ॲडॅप्टर हवा, मोबाइलचा जुना चार्जर नको. या बोर्डाचे सगळे यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतात. पाय ५ ला ५ अँपिअरचा ॲडॅप्टर लागतो. ३ अँपिअरचा लावला तर तो यूएसबीला जेमतेम ०.६ अँपिअर देतो आणि यूएसबीवरून सुरू होतानाच अडून सूचना दाखवतो. पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे चिन्ह चमकले, तर बोर्डाला वीज अपुरी पडते आहे असे समजा.

बदल कसा करायचा?

१. आधी महत्त्वाच्या फाइली पेन ड्राइव्हवर उतरवा. एसएसडीवर पूर्वीचे जे काही असेल ते पुढच्या पायरीत पुसले जाणार आहे, हेही लक्षात असू द्या.

२. नेहमीप्रमाणे कार्डावरून संगणक सुरू करा, सगळे अपडेट घ्या आणि एसएसडी निळ्या पोर्टमध्ये लावा.

३. मेनूत ‘ॲक्सेसरीज’मध्ये ‘एसडी कार्ड कॉपियर’ आहे. वरच्या चौकटीत कार्ड निवडा, खालच्या चौकटीत एसएसडी. ही निवड दोनदा वाचा.  ‘न्यू पार्टिशन यूयूआयडीज’ या ओळीवर खूण करा, म्हणजे दोन्ही एकदम जोडलेली असली तरी संगणकाचा गोंधळ होणार नाही. मग ‘स्टार्ट’ दाबा. कार्ड जसेच्या तसे एसएसडीवर उतरते, मुलांच्या फाइली आणि सेटिंगसकट.

४. मेनूतून संगणक नीट बंद करा, कार्ड काढा आणि पुन्हा सुरू करा. कार्ड सापडले नाही की बोर्ड आपणहून यूएसबीकडे वळतो. सप्टेंबर २०२० नंतरच्या बूटलोडरमध्ये ही सोय मुळातच आहे.

५. पाय ४ त्याआधीचा असेल आणि सुरू होत नसेल, तर दुसऱ्या एखाद्या संगणकावर ‘रास्पबेरी पाय इमेजर’ हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यातल्या ‘मिस्क युटिलिटी इमेजेस’मधून यूएसबी बूटचा बूटलोडर एका रिकाम्या कार्डावर उतरवा आणि ते कार्ड बोर्डात लावून वीज द्या. पडदा हिरवा झाला की काम झाले. कार्ड काढून एसएसडीवरून सुरू करा.

इतके करूनही संगणक मधेच गोठत असेल, तर संशय केबलवर घ्या. काही केबलींमधल्या चिपचे पायशी पटत नाही. दुकानदाराशी बदलून देण्याची बोली करूनच केबल घ्या. एसएसडी लावल्यावर वायफाय मंदावले, तर तेही नवल नाही: यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला त्रास देतो. छोट्या एक्स्टेंशनने एसएसडी बोर्डापासून थोडी दूर ठेवा किंवा राउटरमध्ये ५ गिगाहर्ट्झ असेल तर ते वापरा.

आपल्याकडचा उन्हाळाही विसरू नका. बोर्डाचा प्रोसेसर ८० अंशांपर्यंत तापला की स्वतःच वेग कमी करतो. मग एसएसडी लावून मिळवलेला वेग मे महिन्यात हातचा जातो. बोर्ड टीव्हीच्या मागे कोंबू नका, त्याला पंखा किंवा उष्णता शोषणारी धातूची पट्टी लावा. आणि कूलरच्या समोर तर मुळीच ठेवू नका. ती हवा गार असते, पण ओलीही असते.

वेग आला, भरवसा?

मृगाच्या वादळात वीज दहा वेळा ये-जा करते. कार्ड त्याच क्षणी काही लिहीत असले की ते बिघडू शकते आणि पडदा काळा राहण्यामागे बहुधा हेच असते. एसएसडी या बाबतीत अधिक टिकाऊ आहे, पण अजिंक्य नाही. लिहीत असताना वीज गेली तर शेवटची फाइल तिच्यावरूनही जाऊ शकते. म्हणून संगणक कायम मेनूतून बंद करायची सवय घरातल्या लहानग्यांनाही लावा आणि जमले तर त्याचा प्लग इन्व्हर्टरच्या बोर्डवर घ्या.

उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, रेशन कार्ड, आधार यांच्या स्कॅन केलेल्या प्रती हल्ली याच संगणकात असतात. अर्जाच्या शेवटच्या तारखेला त्या उघडल्या नाहीत, तर मुलीचे वर्ष पणाला लागते. तेव्हा वेगवान ड्राइव्ह मिळाली म्हणून दुसरी प्रत ठेवणे सोडू नका. महिन्यातून एक दिवस ठरवा आणि हे सगळे पेन ड्राइव्हवर उतरवा. ती पेन ड्राइव्ह संगणकाजवळ नको, अम्मीच्या कपाटात असू द्या.

उरलेल्या जागेचाही उपयोग आहे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमाचे संगणक शिकवणारे धडे मराठीतही मिळतात. ‘किविक्स’ नावाच्या मोफत सॉफ्टवेअरने मराठी विकिपीडिया एकदाच उतरवून ठेवता येतो. मग इंटरनेटचा पॅक संपला तरी मुलांचा अभ्यास अडत नाही.

आणि ते काढलेले कार्ड फेकू नका. त्यावर अख्खा संगणक जसाच्या तसा आहे. पाकिटात घालून वर तारीख लिहा. कधी एसएसडी रुसली, तर तेच कार्ड खुपसून त्याच संध्याकाळी काम पुढे नेता येईल.